गॅरेजमधला टेबल सॉ : घेण्याआधी काय बघावं



गेल्या गणपतीत हॉलमध्ये लाकडी मखर उभं राहिलं आणि तेव्हापासून आरतीच्या गर्दीत, पार्किंग लॉटमध्ये, एकदा तर हातात प्रसादाची वाटी असताना मला एकच प्रश्न विचारला गेला : "टेबल सॉ कोणता घेऊ?" विचारणारे सगळे माझ्यासारखेच, दिवसभर कोड लिहून संध्याकाळी हाताला काहीतरी खरंखुरं लागावं असं वाटणारे. प्रत्येकाला मी घाईघाईत वेगळंच काहीतरी सांगितलं. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकू.

एक खुलासा आधीच करतो. मी सुतार नाही. मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरलेल्या असंख्य मराठी मुलांपैकी मी एक. लाकडाशी ओळख सात वर्षांची. आजवर पाट, चौरंग, एक देव्हारा, पुस्तकांची कपाटं आणि ते मखर एवढंच काम झालं आहे. त्यातली पहिली दोन वर्षं मी चुकीच्या सॉवर काढली. त्याची हकीकत पुढे येईलच.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : सुताराच्या हातकरवतीत लाकूड स्थिर असतं आणि करवत हलते. टेबल सॉमध्ये उलट. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सपाट टेबलातून एक गोल पातं वर आलेलं असतं, आणि आपण फळी त्याच्याकडे ढकलतो. लाकडाच्या तंतूंच्या दिशेने उभा काप घ्यायचा तर फळी 'फेन्स' नावाच्या सरळ पट्टीला टेकवून ढकलायची. आडवा काप घ्यायचा तर टेबलातल्या खाचेत सरकणाऱ्या मायटर गेजला धरून. गावच्या लाकडाच्या वखारीत जे मोठं, कर्कश, भीतीदायक चाक असायचं, त्याचंच हे घरगुती भावंड.

घरगुती म्हणून ते गरीब आहे असं मात्र नाही. पात्याचा व्यास १० इंच आणि वेग मिनिटाला साधारण ४००० फेरे धरला, तर दाताच्या टोकाचा वेग ताशी जवळजवळ १२० मैल निघतो. काहीतरी बिघडतंय हे कळून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात पात्याच्या सोळा फेऱ्या पूर्ण होतात, आणि पातं ४० दातांचं असेल तर साडेसहाशेच्या वर दात त्याच जागेवरून गेलेले असतात. "मी लक्ष ठेवून काम करीन" या वाक्यावर माझा त्यामुळे आता विश्वास नाही.

पूर्वी होता. माझा पहिला सॉ मी जुन्या सामानाच्या जाहिरातीत बघून दीडशे डॉलरला आणला. ओतीव लोखंडाचा टेबल, मोटर मागे लटकलेली, वजन अडीचशे पौंडांच्या घरात. मित्राच्या ट्रकमधून उतरवताना दोघांची कंबर धरली. विकणारे आजोबा सज्जन होते. गार्ड कुठेतरी हरवला आहे हे त्यांनी आपणहून सांगितलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. स्वस्तात मिळाला याचाच आनंद मोठा होता.

डिसेंबर महिना. आई-बाबा आले होते. देव्हाऱ्याच्या तळासाठी प्लायवूडचा दहा इंची चौकोन कापत होतो. काप संपत आला असताना तुकड्याचा मागचा कोपरा फेन्सपासून किंचित सुटला. पुढचं मला दिसलंच नाही. तुकडा माझ्या बरगडीखाली लागला आणि तिथून उडून फ्रीझरवर आदळला. फ्रीझरच्या दाराचा पोचा अजून तसाच आहे. तीन आठवडे पोटावर काळंनिळं होतं. पण खरी भीती दुसऱ्या दिवशी वाटली. तुकडा उलटा केला तर खालच्या बाजूवर पात्याने कमानीसारखी चीर कोरलेली. म्हणजे तुकडा पात्यावर गोल फिरला होता, आणि माझा डावा हात त्या वेळी त्याच तुकड्यावर होता.

बाबा भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं होते. आवाज ऐकून ते गॅरेजमध्ये आले, मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग सॉभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, "गार्ड कुठाय?"

"आलाच नाही बाबा याच्याबरोबर."

त्यावर ते काही बोलले नाहीत. लहानपणी खंडेनवमीला मी त्यांच्याबरोबर मशीनच्या पूजेला जायचो. तिथले एक काका मला उरलेल्या तीन बोटांनी पेढा द्यायचे. बाबांच्या न बोलण्यात ते काका होते हे मला कळलं.

आता हे असं का होतं ते समजून घेऊ, कारण सॉची निवड बरीचशी याच्यावर ठरते. पात्याचे आपल्या बाजूचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दात वर येतात. लाकूड या मागच्या दातांना टेकलं की ते उचललं जातं आणि आपल्या अंगावर फेकलं जातं. याला इथे किकबॅक म्हणतात. टेकण्याची कारणं मुख्यतः दोन. एक माझ्यासारखं : तुकडा तिरका झाला. दुसरं लाकडाच्या स्वभावातलं : झाड वाढताना आणि लाकूड वाळताना आत ताण साठतो, फळी चिरली की तो मोकळा होतो, आणि कधीकधी चिरलेले दोन भाग परत एकमेकांकडे येऊन पात्याला चिमटीत धरतात.

यावरचा उपाय म्हणजे रायविंग नाइफ. नाव सुरीचं असलं तरी ती काही कापत नाही. पात्याच्या लगेच मागे उभी असलेली पोलादाची एक वक्र पट्टी. पात्याच्या चकतीपेक्षा थोडी जाड, पण कापाच्या रुंदीपेक्षा थोडी पातळ. त्यामुळे ती चिरेत बसते, चीर मिटू देत नाही आणि तुकड्याला मागच्या दातांवर जाऊ देत नाही. पातं वर-खाली किंवा तिरकं केलं की तीही बरोबर हलते, हे महत्त्वाचं. जुन्या सॉमध्ये 'स्प्लिटर' असायचा. तो गार्डला जोडलेला आणि एका जागी ठोकल्यासारखा. लाकूड आरपार न कापता नुसती खाच पाडायची असेल तर तो काढावाच लागे, आणि एकदा काढलेला स्प्लिटर माणसं परत बसवत नसत. माझ्या आजोबांचा गार्ड असाच कुठेतरी 'हरवला' असणार. अमेरिकेत साधारण २००८ नंतर आलेल्या नव्या रचनेच्या सॉवर रायविंग नाइफ असते. त्याआधीच्या बहुतेक सॉवर ती नाही, आणि नीट बसवून घेता येईल अशी सोयही सहसा नसते. म्हणून कोणी मला "तीस वर्षांपूर्वीचा दणकट सॉ शंभर डॉलरला मिळतोय" असं उत्साहाने सांगितलं, की मी आधी पात्याच्या मागचा फोटो मागतो.

दुसरी गोष्ट फेन्स. दुकानात लोक मोटरचे आकडे वाचतात. मी म्हणेन, फेन्सशी दहा मिनिटं खेळा. ती पुढे-मागे सरकवा, लॉक करा, तिच्या दूरच्या टोकाला बोटाने दाब द्या. हलली तर नमस्कार करून पुढच्या सॉकडे वळा. लॉक केल्यावर फेन्स पात्याला समांतर राहिली पाहिजे, दर वेळी, टेपने न मोजता. मोठ्या सॉवर बहुधा बीसमायर पद्धतीची टी-आकाराची फेन्स असते. चांगल्या छोट्या सॉवर रॅक-पिनियनवर सरकणारी असते, ती दोन्ही टोकांना एकदम हलते म्हणून तिरकी होत नाही. फेन्सचं मागचं टोक पात्याकडे झुकलेलं असलं तर तो सॉ किकबॅकचं यंत्र झाला असं समजावं.

पुढच्या खेपेला बाबा बॅगेत भाजणी, मेतकूट आणि आपला जुना डायल गेज घेऊन आले. सुतार सुतात बोलतो, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. बाबा बोलतात थाऊमध्ये, म्हणजे हजाराव्या भागात. नेहमीच्या जाड पात्याचा काप एक सुताचा, म्हणजे बाबांच्या भाषेत १२५ थाऊ, आणि त्यांना पातं व टेबलातली खाच यांच्या समांतरपणात पाचापेक्षा जास्त फरक चालत नव्हता. पद्धत सोपी आहे. प्लग काढायचा. एका दातावर मार्करने खूण करायची. तो दात पुढे आणून खाचेपासूनचं अंतर गेजने घ्यायचं, मग तोच दात हाताने फिरवून मागे न्यायचा आणि पुन्हा मोजायचं. तोच दात कशाला? वेगळा घेतला तर पात्याचा स्वतःचा वाकडेपणा मापात मिसळतो. माझ्या पठ्ठ्याचा फरक २२ थाऊ निघाला! दोन वर्षं कापांवर करपल्याचे डाग का पडत होते ते त्या दिवशी कळलं. मी आपला लाकडाला दोष देत होतो. सॉ नवा असो की जुना, घरी आणल्यावर हे एकदा करावंच. डायल गेज नसेल तर गुण्या आणि पातळ कागदाचे तुकडे वापरूनही बरंच जमतं.

आता मोटर. घरातल्या साध्या सॉकेटला व्होल्ट १२० आणि बहुधा १५ अँपियर. गुणाकार १८०० वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. मोटरची कार्यक्षमता धरली की त्या सॉकेटमधून पावणेदोन हॉर्सपॉवरच्या वर काही निघत नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. तीन हॉर्सपॉवरचा सॉ हवा असेल तर २४० व्होल्टची वेगळी लाइन घ्यावी लागते, ड्रायरला असते तशी, आणि तिच्यासाठी इलेक्ट्रिशियनचा खर्च वेगळा. आपल्याला तेवढी ताकद लागते का? दोन इंच जाड मेपल किंवा ओक रोज चिरायचा असेल तर लागते. पाट-चौरंगाला लागत नाही. पातळ काप घेणारं, २४ दातांचं उभ्या कापाचं चांगलं पातं लावलं तर लहान मोटरही दीड इंची अक्रोडातून जाते, फक्त सावकाश. सॉबरोबर येणारं पातं मात्र पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवा आणि ४० ते ५० दातांचं एक बरं पातं घ्या. पन्नास-साठ डॉलर जातील. पात्याची जाडी आणि आपल्या रायविंग नाइफची जाडी जुळते का ते तेवढं बघून घ्या. आकडे दोन्हींवर छापलेले असतात.

प्रकार चार. जॉबसाइट सॉ हलका, घडीच्या स्टँडवर चाकांनी फिरणारा, आवाजाला मोठा. काँट्रॅक्टर सॉ जड, उघड्या पायांवर उभा. कॅबिनेट सॉ बंद पेटीत, पाचशे पौंडांच्या आसपास, २४० व्होल्टचा. आणि यांच्यामधला हायब्रिड, म्हणजे कॅबिनेटचा बांधा आणि साध्या सॉकेटची मोटर. किमती तीनशे-चारशे डॉलरपासून चार-पाच हजारांपर्यंत.

पण प्रकार ठरवण्याआधी गॅरेजमध्ये टेप धरा. आठ फुटी फळी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात, वर आपण उभे राहायचं. दोन गाड्यांचं गॅरेज साधारण वीस फूट खोल. म्हणजे काम करताना निदान एक गाडी बाहेर, आणि सॉ चाकांवर. 'फेन्स ५२ इंचांपर्यंत जाते' या जाहिरातीचा मोह मला दोनदा झाला आणि दोन्ही वेळा बायकोने वाचवलं. प्लायवूडचा चार बाय आठचा अख्खा पत्रा एकट्याने टेबल सॉवर चढवणं हेच मुळात धोक्याचं. तो दुकानातच अर्धा करून घ्यावा, नाहीतर जमिनीवर फोम अंथरून हातातल्या सर्क्युलर सॉने कापावा. मग २४ इंच फेन्स पुरते.

राहिला तो बहुचर्चित प्रश्न, बोट लागल्यावर थांबणाऱ्या सॉचा. कल्पना स्टीव्ह गॅस या गृहस्थांची, भौतिकशास्त्रात पीएच.डी., व्यवसायाने पेटंट वकील आणि हौशी सुतार. मोठ्या कंपन्यांनी त्यांचं तंत्र घेतलं नाही, तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांबरोबर स्वतःची सॉस्टॉप कंपनी काढली आणि २००४ साली पहिले सॉ बाजारात आणले. पात्यावर एक बारीक विद्युत संकेत सोडलेला असतो. लाकूड वीज वाहत नाही, शरीर वाहतं. बोट टेकलं की संकेत बदलतो, ॲल्युमिनियमचा एक ठोकळा स्प्रिंगने पात्यात घुसतो आणि पातं पाच मिलिसेकंदांच्या आत थांबून टेबलाखाली जातं. वरच्या हिशोबाने पाच मिलिसेकंदांत पूर्ण वेगाचं पातं एक तृतीयांश फेरीच करतं. बॉशने २०१६ मध्ये अशाच कामाचा सॉ अमेरिकेत आणला होता, पण २०१७ साली पेटंटच्या वादात निकाल विरुद्ध गेला आणि तो इथल्या बाजारातून गेला.

ज्यांना हे अति वाटतं त्यांच्यासाठी एकच आकडा देतो. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या इथल्या सरकारी आयोगाच्या अंदाजानुसार, २०१५ या एका वर्षात टेबल सॉच्या पात्याला लागून इमर्जन्सी रूममध्ये आलेल्या केसेस ३० हजारांच्या वर होत्या.

तरीही दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे हे तंत्र किकबॅक थांबवत नाही. माझ्या त्या डिसेंबरात असा सॉ असता तरी बरगडीखालचा मार बसलाच असता. दुसरी, ओलं लाकूड किंवा धातू लागला तरी ब्रेक सुटतो. माझा एकदा सुटला आहे. मायटर गेजचं ॲल्युमिनियम पात्याच्या वाटेत होतं, चूक सर्वस्वी माझी. बंदुकीसारखा आवाज, शंभरेक डॉलरचं ब्रेकचं कार्ट्रिज गेलं आणि नवं कोरं पातंही. ब्रेक तात्पुरता बंद ठेवायची सोय असते. ती ओल्या लाकडासाठी आहे, आळसासाठी नाही.

तर मी काय घेतलं? बायकोने प्रश्न सरळ विचारला, "तू टाइप कशाने करतोस?" दुसऱ्या वर्षीचा बोनस आला तेव्हा बोट लागल्यावर थांबणारा, जॉबसाइट आकाराचा सॉ घेतला. तेवढं बजेट नसेल तर रायविंग नाइफ आणि रॅक-पिनियन फेन्स असलेला साधा जॉबसाइट सॉ घ्या. उरलेल्या पैशांत पातं, दोन पुश स्टिक, डोळ्यांचा चष्मा आणि कानांचे मफ. चारशे डॉलरचा नवा छोटा सॉ मला दीडशेच्या जुन्या दणकट सॉपेक्षा केव्हाही बरा वाटतो, भले त्याचं टेबल ॲल्युमिनियमचं असेना. इथल्या दमट उन्हाळ्यात ओतीव लोखंड गंजतं, दर दोन महिन्यांनी मेण घासावं लागतं, तो त्रासही वाचतो.

भुशाबद्दल एवढंच, की तो निरुपद्रवी नाही. लाकडाच्या बारीक धुळीची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केलेली आहे. सॉच्या तोंडाला व्हॅक्यूम जोडा, मास्क लावा, आणि त्याच गॅरेजमध्ये आईने सांडगे वाळत घातले असतील तर सॉला हात लावू नका. अक्रोडाचा भुसा लागलेले सांडगे आम्ही खाल्ले आहेत. सैल कुर्ता, हातातलं कडं, अंगठी, हातमोजे यातलं काहीही घालून पात्याजवळ उभं राहू नये. हातमोजे तर मुळीच नाहीत, पातं मोज्यासकट हात ओढतं.

मग प्रश्न उरला जुन्या सॉचा. त्या वर्षी मंडळाने निधीसाठी जुन्या वस्तूंची विक्री ठेवली होती. मी यादीत लिहूनही टाकलं : टेबल सॉ, चालू स्थितीत, दोनशे डॉलर. रविवारी फोनवर बाबांना सांगितलं.

"कोण घेईल तो?" बाबांनी विचारलं.

"कोणीतरी नवशिका घेईल. स्वस्त आहे ना."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, लाइन कट झाली.

सोमवारी यादीतून नाव काढलं आणि दोनशेचा चेक लिहिला. मोटर खोलून ठेवली, पातं भंगारात दिलं. ओतीव टेबल मात्र सरळ आणि सपाट आहे, बाबांनी मोजून दिलेलं. पात्याची फट प्लायवूडने बुजवली आणि आता त्याच्यावर गोंद लावलेल्या फळ्या दाबून ठेवतो. यंदाच्या लिलावातले पाच पाट त्याच्यावरच जोडले आहेत.

सॉ घेण्याआधी कोणाला प्रत्यक्ष हात लावून बघायचा असेल तर शनिवारी सकाळी दहा ते बारा गॅरेज उघडं असतं. डायल गेजही तिथेच आहे. येताना आपली फळी आणा, आणि कृपया पायात बूट घालून या.